वाचक विचारतात : परग्रहवासी आणि अर्धाच सोडवलेला भागाकार

परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांनी आपली जुनी स्मारकं उभारली, या दाव्याबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बरीचशी पत्रं वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल होती, म्हणून त्यालाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. कैलास लेण्यातून चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला, म्हणजे रोज साठ टन, ताशी पाच टन. छिन्नी-हातोड्यानं हे शक्यच नाही, सबब परग्रहवासी. आकडेमोड मी करून पाहिली, ती बरोबर येते. मग चूक कुठे आहे? (एक वाचक, जालना)

आकडेमोड बरोबरच आहे. फक्त ती एक पायरी आधी थांबवली आहे. ४,००,००० टनांना १८ वर्षांनी भागलं की वर्षाला २२,२०० टन, दिवसाला ६१ टन आणि बारा तासांचा दिवस धरला तर ताशी पाच टन. व्हिडिओ इथे थांबतो, आणि ‘ताशी पाच टन’ ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर हातोडा घेतलेला एकटा माणूस उभा राहतो. आता राहिलेला भागाकार करा. कामावर २५० माणसं असतील, तर माणशी ताशी २० किलो. आपला काळा दगड लिटरला साधारण २.८ किलो भरतो. म्हणजे सात लिटर दगड, अर्धी बादली. माणसं ५०० असतील तर पाव बादली. यासाठी दुसऱ्या ग्रहावरून कुणी यायची गरज नाही.

आता मुळातले आकडे पाहू. लेण्याचं अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. मागचा कडा ३० मीटरच्या आसपास, पण डोंगर पुढे उतरत येत असल्यानं दर्शनी बाजूला खोली बरीच कमी. सरासरी २० मीटर धरली, तर ८२ × ४६ × २० म्हणजे सुमारे ७५,००० घनमीटर. वजन साधारण दोन लाख टन, आणि यातून मधोमध उभं ठेवलेलं देऊळ अजून वजा व्हायचं आहे. बाजूच्या ओवऱ्यांतून निघालेला दगड त्यात मिळवला, तरी चार लाखांचा आकडा फुगवलेलाच दिसतो.

अठरा वर्षं कुठून आली? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. ही राजाच्या सिंहासनाची वर्षं झाली, कामाची नव्हेत. काम अमुक दिवशी सुरू झालं नि अमुक दिवशी संपलं, असं सांगणारा शिलालेख लेण्यात नाही, आणि काही भाग नंतरच्या राजांच्या काळात वाढवले गेले असं अभ्यासक मानतात. माणशी रोज दशांश घनमीटर, म्हणजे साडेतीन घनफूट, एवढाच दगड निघतो असं धरा. ७५,००० घनमीटरांना साडेसात लाख मनुष्य-दिवस लागतात. वर्षाचे ३०० दिवस काम करणाऱ्या २५० माणसांना ते दहा वर्षांचं काम आहे.

शिवाय सगळा दगड कुणी चुरा करून काढत नाही. टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, समांतर चर पाडायचे आणि मधला उभा राहिलेला दगड पाचर ठोकून किंवा पहारीनं उचकटून मोकळा करायचा. म्हणजे टाकीचं खरं काम चरांपुरतंच. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा दगड, थंड होताना त्याला मुळातच भेगा पडलेल्या असतात, त्याही कामी येतात. खरी अडचण वेगळीच असते : टाकीची धार. काळ्या दगडावर ती लवकर बोथटते. मग भात्यावर तापवून, ठोकून पुन्हा टोक काढायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करायचं. पाणी जास्त झालं तर टोक उडतं, कमी झालं तर ते चेपून पसरतं. त्यामुळे अशा कामावर पाथरवटांइतकेच लोहार महत्त्वाचे. लोखंड मात्र तेव्हा इथे नवीन नव्हतं. नागपूरजवळच्या नैकुंडला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, ती कैलासापेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी जुनी आहे.

प्रश्न : पण एवढा दगड गेला कुठे? आसपास कुठेच ढीग दिसत नाही. (तेच वाचक)

पुन्हा आकारमानच काढा. फुटलेला दगड मूळ आकाराच्या दीडपट जागा घेतो. ७५,००० चे सव्वा लाख घनमीटर धरू. दहा हेक्टरांवर, म्हणजे पंचवीस एकरांवर, पसरला तर थर सव्वा मीटरचा होतो. लेणी डोंगराच्या उतारावर आहेत, पुढ्यातच मोकळं रान आहे. त्यावरून बाराशे पावसाळे गेले. शिवाय फोडलेला तयार दगड बांधाला, विहिरीला, रस्त्याला आयता मिळत असेल, तर तो ढिगात कोण राहू देतं?

प्रश्न : कैलास कळसापासून पायाकडे कोरलंय. एक घाव चुकला तर सगळं फुकट. संगणकाशिवाय इतकं अचूक नियोजन कसं जमलं? (एक वाचक, ठाणे)

वरून खाली येणं अवघड वाटतं, पण कारागिराच्या दृष्टीनं ते सोयीचं आहे. परांची बांधावी लागत नाही. शिखर कोरणारा माणूस न कोरलेल्या दगडावरच उभा असतो. काम उतरत जातं तसा तो उतरतो. फुटलेला दगड खाली ढकलायचा असतो, वर चढवायचा नसतो.

चूक दुरुस्त करता येत नाही म्हणूनच अंगावर जादा दगड राखायचा. आधी ढोबळ ठोकळा, मग आकार, मग नक्षी. सूत, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ एवढ्यावर मापं सांभाळता येतात. दगड एखाद्या जागी भुसभुशीत निघाला तर गिलावा होताच. कैलासावर गिलावा आणि रंग होता, त्याचे अवशेष आजही दिसतात.

आणि आराखडा काही आकाशातून पडला नव्हता. कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर इ.स. ७४० च्या सुमाराचं. चालुक्यांनी ते दगड रचून बांधलं. त्यानंतर दशक-दीड दशकातच राष्ट्रकूटांनी चालुक्यांना हरवलं. कैलासाची मांडणी विरूपाक्षाशी इतकी जुळते की एका पिढीची कारागिरी दुसरीकडे गेलेली स्पष्ट दिसते. विरूपाक्षाच्याही मागे कांचीचं कैलासनाथ मंदिर आहे.

काम कसं चालायचं हे पाहायचं असेल तर पूर्ण झालेलं लेणं कामाचं नाही, अर्धवट राहिलेलं पाहा. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अपुरं आहे. तिथे आधी बोळासारखे चर खणलेले दिसतात, मधल्या भिंती फोडायच्या राहिल्या आहेत, खांब चौकोनी ठोकळ्याच्या अवस्थेत आहेत. परग्रहवासीवाल्यांच्या चित्रफितींत ही लेणी कधी येत नाहीत. यंत्रानं झटक्यात कापलं असतं, तर मधल्या पायऱ्या शिल्लकच राहिल्या नसत्या.

प्रश्न : एका ताम्रपटात विमानातून फिरणारे देव कैलास पाहून थक्क झाले असं लिहिलंय म्हणे. मग हा लेखी पुरावा नाही का? (एक वाचक, पुणे)

ताम्रपट खरा आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाचा, शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३ चा. तो बडोद्याला सापडला. त्यातलं एलापूरचं देऊळ म्हणजे वेरूळचं कैलास, ही ओळख पटवून देण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा मोठा वाटा होता. त्यात विमानातून जाणारे देव खरोखर आहेत. ते हे देऊळ पाहून म्हणतात की हे स्वयंभू असलं पाहिजे, माणसाच्या कलाकृतीत असं सौंदर्य दिसत नाही.

पण पुढेही वाचायला हवं. तिथे लगेच ते बांधणारा स्थपती येतो. असं दुसरं काम आपल्या हातून होणार नाही हे जाणवून तो स्वतःच चकित होतो आणि विचारतो, हे मी केलं तरी कसं? म्हणजे ज्या मजकुरात देव प्रेक्षक आहेत, त्याच मजकुरात कर्ता माणूस आहे. अर्धा श्लोक उचलायचा आणि उरलेला अर्धा ठेवून द्यायचा, ही या विषयातली सर्वांत जुनी सवय.

यात ‘विमान’ या शब्दाची एक गंमत आहे. मंदिरस्थापत्यात गाभारा आणि त्यावरचं शिखर यांना मिळून विमान म्हणतात. कैलासाच्या शिखरालाही अभ्यासक विमानच म्हणतात. आपल्याला मात्र विमान म्हटलं की सांताक्रूझ आठवतं. शब्दाचा आजचा अर्थ बाराशे वर्षं मागे नेऊन चिकटवला, की कुठल्याही पोथीत विमानतळ सापडतो.

प्रश्न : मग ‘वैमानिक शास्त्र’ हा भरद्वाज ऋषींचा ग्रंथ? त्यात तर विमानांच्या आकृत्या आहेत. (एक वाचक, बेळगाव)

हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि व्यंकटाचल शर्मांनी तो लिहून घेतला. ज्ञान भरद्वाजांकडून दिव्य मार्गानं मिळालं, असा शास्त्रींचा दावा होता. आकृत्या त्यांच्या सांगण्यावरून बंगळुरूतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एलप्पा नावाच्या आरेखकानं काढल्या. इंग्रजी भाषांतरासह तो १९७३ मध्ये म्हैसूरहून छापला गेला.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले एच. एस. मुकुंद आणि चार सहकारी यांनी तो तपासला. भाषा आणि छंद अर्वाचीन संस्कृतातले, आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, हा एक निष्कर्ष. दुसरा अभियंत्यांचा : शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चारही विमानांचं वजन, आकार आणि लागणारी शक्ती पाहता त्यांतलं एकही उडणार नाही. लक्षात घ्या, त्यांनी ग्रंथ वाचण्याआधी तो फेटाळला नाही. आकृत्यांना खरोखरची विमानं मानून गणित मांडलं, मग निकाल दिला.

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची गोष्ट याला जोडली जाते. तळपदे खरे होते, त्यांची विमानाची ओढही खरी होती. त्या उड्डाणाचा त्या काळातला भरवशाचा पुरावा मात्र नाही. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली केलेले त्यांचे प्रयत्न उडाले नाहीत, अशी नोंद याच अभ्यासात आहे.

प्रश्न : गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा योगायोग असूच शकत नाही! (एक वाचक, नाशिक)

हे गणित फार देखणं आहे, म्हणून सावकाश सोडवू.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सातव्या दशांश स्थळावरचा एक आकडा म्हणजे जमिनीवर एक सेंटिमीटर. पिरॅमिडचा पाया आहे २३० मीटरांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण त्यानं ०.००२ अंश व्यापलेला. ‘पिरॅमिडचा अक्षांश’ सात दशांशांपर्यंत सांगणं म्हणजे तुमच्या गावाचं टपाल अमुक विटेच्या पत्त्यावर पाठवण्यासारखं आहे. या २३० मीटरांत असे वीस हजार आकडे बसतात. त्यांतला हवा तो उचलला आहे.

दुसरं, हा आकडा कुठल्या मापांत आहे? मीटर फ्रान्समध्ये १७९० च्या दशकात ठरला. पिरॅमिड त्याच्या चार हजारांहून अधिक वर्षं आधीचा. सेकंद बदला, मीटरऐवजी हात किंवा फूट घ्या, वर्तुळाचे ३६० ऐवजी ४०० भाग करा, की जुळणी नाहीशी होते. तिसरं, रेखांशाचं काय? तो ३१.१३ च्या आसपास. तो कशाशीच जुळत नाही म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. हवी ती मापं, हवा तो दशांश बिंदू आणि न जुळलेलं झाकून ठेवायची मुभा असेल, तर तुमच्या घराच्या वीजबिलातही प्रकाशाचा वेग सापडेल.

त्यापेक्षा खरी कागदपत्रं जास्त रंजक आहेत. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ इथे २०१३ मध्ये प्येर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. त्याची टोळी तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचा दगड होडीत भरून गिझाला पोचवायची, हा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या काळात. कुठल्या दिवशी दगड भरला, कुठे मुक्काम केला, हे सगळं त्यात आहे. थोडक्यात, हजेरीपटच सापडला.

चुकाही सापडतात. दहशूरचा वाकडा पिरॅमिड खुफूच्या वडिलांचा, स्नेफ्रूचा. खाली त्याचा उतार सुमारे ५४ अंशांचा, आणि अर्ध्यावर गेल्यावर अचानक ४३ अंशांचा. चढ फार तीव्र झाला, बांधकाम तोलेना म्हणून मध्येच कोन बदलला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच राजाचा पुढचा तांबडा पिरॅमिड मग आधीपासूनच ४३ अंशांच्या आसपास धरला. ताऱ्यांवरून इथवर अचूक येणाऱ्या मंडळींचा कोन असा चुकला असता का?

प्रश्न : लोणार सरोवर म्हणजे ब्रह्मास्त्राचा, पर्यायानं अणुबॉम्बचा खड्डा, असं ऐकलं. तिथे काचेसारखा दगड सापडतो हे खरं ना? (एक वाचक, बुलढाणा)

काचेसारखा दगड खरा. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. प्रचंड दाबाचा धक्का बसला की बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. पण धक्का उल्केचा की बॉम्बचा हे एकट्या काचेवरून ठरत नाही. म्हणून दुसरी कसोटी लावायची. बॉम्ब असता तर प्लुटोनियम उरलं असतं. त्याचं अर्ध-आयुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २४,१०० वर्षं. महाभारत पाच हजार वर्षांपूर्वीचं धरलं तरी त्यातलं ८७ टक्के प्लुटोनियम आजही मातीत मोजता आलं असतं. आणि खड्ड्याचं वय? आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास येतं, आधीच्या एका पद्धतीनं सुमारे ५२,००० वर्षं येत होतं. या मतभेदावर अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. पण कुठलाही आकडा घ्या, तेव्हा रथही नव्हते.

प्रश्न : दिल्लीचा न गंजणारा लोहस्तंभ? (एक वाचक, नागपूर)

परग्रहवासी पृथ्वीवर येऊन गेले असं मांडणारे लेखक एरिक फॉन डॅनिकेन यांनी १९६८ च्या पुस्तकात तो गूढ म्हणून मांडला आणि १९७४ च्या एका मुलाखतीत स्वतःच सोडून दिला. त्यांचे वाचक अजून सोडायला तयार नाहीत. लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, कारण ते गाळताना चुना वापरला नव्हता. त्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर पातळ रक्षक थर तयार होतो. कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी हे सविस्तर दाखवलं. आणि तो अजिबात गंजत नाही हेही खरं नाही. जमिनीखालच्या भागाला गंज चढलेला आढळला होता.

प्रश्न : तुम्ही सगळंच नाकारता. कसला पुरावा दिला म्हणजे तुम्ही मानाल? (एक वाचक, मडगाव)

रास्त प्रश्न. उत्तर एका कट्यारीत आहे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीवर लोखंडी पात्याची कट्यार मिळाली. तेव्हा इजिप्तमध्ये लोखंड गाळणं रूढ नव्हतं. हे पातं आकाशातून आलेल्या लोखंडाचं असावं अशी जुनी शंका होती. २०१६ मध्ये इटली आणि इजिप्तच्या संशोधकांनी क्ष-किरणांनी ते तपासलं, पात्याला ओरखडाही न काढता. त्यात सुमारे ११ टक्के निकेल आणि अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त कोबाल्ट निघालं. हे प्रमाण लोहउल्कांचं. म्हणजे पृथ्वीबाहेरची वस्तू कबरीत होती, ती ओळखता आली आणि सगळ्यांनी ती मान्यही केली.

परग्रहवासीयांच्या बाबतीत मागणी तेवढीच आहे : एक स्क्रू, एक धातूचा तुकडा. त्यातल्या समस्थानिकांचं प्रमाण पृथ्वीवरचं नसावं, तो घडवलेला असावा, आणि उत्खननात न हललेल्या थरातून, नोंद करून निघालेला असावा. ‘हे माणसानं कसं केलं ते मला समजत नाही’ हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही, कारण ते स्मारकाबद्दल नव्हे, बोलणाऱ्याबद्दल माहिती देतं.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन वेरूळला जातोय. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिलाय. तिथे काय दाखवू? (एक वाचक, सोलापूर)

१६ क्रमांकाच्या लेण्यात लगेच शिरू नका. आधी शेजारच्या वाटेनं डोंगरावर चढून कड्यावरून खाली पाहा, कोरायला कुठून सुरुवात झाली असेल ते तिथून कळतं. कठड्याजवळ मुलांना सांभाळा. खाली आल्यावर अंगणाच्या उंच कड्यांवर टाक्यांचे तिरके घाव शोधायला सांगा. तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात, दुपारी बुजतात. बाजूच्या ओवऱ्यांकडे जाणारे दगडी पूल कोसळले आहेत, त्यांच्या जागा दाखवा. शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे. कृष्णाच्या आधीचा राष्ट्रकूट राजा तोच. मग गाडीनं उत्तरेकडच्या जैन लेण्यांकडे जा आणि ३० क्रमांकाचा छोटा कैलास पाहा : मोठ्या कैलासाची लहान आणि अपुरी राहिलेली नक्कल. पिशवीत पाण्याची एक लिटरची बाटली असेलच. तेवढ्या आकाराचा काळा दगड पावणेतीन किलोंचा, अशा सात बाटल्या म्हणजे एका माणसाचं तासाचं काम, हे तिथे उभं राहून सांगा. मंगळवारी लेणी बंद असतात.